फौजदारांचा दुखवटा

१

आमच्या घरी सकाळी एकाच टेबलावर दोन कामं चालतात. एका टोकाला हे औषधांची पेटी भरतात, दुसऱ्या टोकाला मी माणसं मारते. हे म्हणजे माझे यजमान रविंद्र, गुरांचे डॉक्टर. पिंपळी, काटेवाडी, पार सुप्यापर्यंत त्यांची मोटारसायकल फिरते. कुठल्या गोठ्यातली कुठली गाय कधी व्याली हे त्यांना तोंडपाठ असतं, आमच्या लग्नाची तारीख मात्र दर वर्षी मला सांगावी लागते. मी संजीवनी. रहस्यकथा लिहिते.

फौजदार दौलतराव ठोंबरे हे माझं पात्र. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी तरटपूर नावाचं गाव मी मनानंच वसवलं, तिथल्या ठाण्यात हा पोट सुटलेला, खिशात गुळाचा खडा ठेवणारा फौजदार बसवला आणि त्याच्यावर सहा पुस्तकं लिहिली. ठोंबरे कधी हात उगारत नाहीत. पिस्तूल त्यांना ओझं वाटतं. संशयिताला समोर बसवायचं आणि आपण गप्प बसायचं, एवढीच त्यांची विद्या. बघता बघता समोरचा आपल्या तोंडानं बोलायला लागतो. लोकांना ते इतके आवडले की इंदापूरच्या स्टँडवर एका गृहस्थांनी मला तरटपूरला कुठली एसटी जाते म्हणून विचारलं होतं. ती बंद झाली, असं मी सांगितलं.

मुखपृष्ठावर दर वेळी आमचे हेच असतात. पहिल्या पुस्तकाच्या वेळी नाटकाच्या कपड्यांच्या दुकानातून फौजदाराचा वेश भाड्यानं आणला, यांना हॉलमधल्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं केलं आणि पाठमोरा फोटो काढला. चेहरा दिसला की वाचकाच्या मनातला फौजदार पळून जातो, असं माझं मत. तेव्हापासून दर पुस्तकाला हे टोपी घालून भिंतीकडे तोंड करून उभे राहतात आणि "झालं का गं? गाय अडली असेल तिकडं," म्हणत राहतात.

सातव्या पुस्तकात मी ठोंबऱ्यांना मारलं. कंटाळा आला होता मला त्या माणसाचा. त्याचा गूळ, त्याचं गप्प बसणं, सगळ्याचा. भर उन्हाळ्यात फुगवट्याचं पाणी ओसरलेलं, बुडालेल्या जुन्या गावाच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या, तिथं लपलेल्या माणसाला हाक मारायला ते बूट काढून पाण्यात उतरतात आणि परत येत नाहीत. प्रेत सापडत नाही. आमच्या धंद्यात प्रेत न सापडणं ही सोय असते, पण माझ्यापुरता माणूस मेला होता. लिहून झाल्यावर मी साबुदाण्याची खिचडी केली आणि दोघांनी मजेत खाल्ली.

२

माझे प्रकाशक राजवर्धन हे वयानं लहान आणि उत्साहानं फार मोठे. त्यांना एक कल्पना सुचली. फौजदार गेले ना, मग श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावू. प्रकाशन समारंभ म्हणजे दशक्रिया. रविवारी, इंदापुरात. "मॅडम, अख्खा तालुका बोलेल," ते म्हणाले. मला गंमत वाटली. मी हो म्हटलं.

फ्लेक्स लागला त्या दिवशी मी मंडईतून येत होते. आमच्या गावातल्या भिगवण चौकात एका युवा नेत्याचा वाढदिवस, एका मुलीचं यश आणि त्यांच्या मधे झेंडूच्या चौकटीत आमचे हे. "भावपूर्ण श्रद्धांजली. कर्तव्यदक्ष फौजदार कै. दौलतराव ठोंबरे." खाली दशक्रियेचा वार आणि जागा. हे सगळं पुस्तकाचं आहे, हे सांगणारी ओळ अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात. टोपी ओळखीची होती, खांदे ओळखीचे होते. पण हे भिंतीकडे बघत नव्हते, समोर बघत होते. माझ्याकडे.

असा फोटो मी कधीच काढला नव्हता. तिथूनच फ्लेक्सच्या दुकानात फोन लावला. ऋषिराज नावाचा तिथला माणूस निवांत होता.

"वैनी, फोटू पाठमोराच आलता. राजवर्धन सर म्हणले, श्रद्धांजलीला पाठ कशी चालंल? तोंड पायजे. मग कॉम्प्युटरला सांगितलं, ह्यो माणूस वळवून दाव. त्यानं वळवला."

"अहो, पण हा यांचाच चेहरा आहे."

"आमाला काय म्हाईत वैनी. आमी डॉक्टरांना कवा बघितलंच न्हाय."

मी परत फ्लेक्सकडे बघितलं. हनुवटीवर डाव्या बाजूला तिरका व्रण होता. लग्नाआधी एका म्हशीनं शिंग मारलं होतं, त्याचा. पाठमोऱ्या माणसाला वळवताना कॉम्प्युटरला तो व्रण कुठून मिळाला? चौकात उभ्या उभ्या मी विचार केला. जनावरांच्या शिबिरांतले यांचे फोटो नेटवर सगळीकडे पडलेले असतात, त्यातला एखादा उचलला असेल. रहस्यकथा लिहिणाऱ्या बाईला उत्तर मिळालं की ती घरी जाते, तशी मी घरी गेले.

यांना सांगितलं तर ते हसत सुटले. "बरा दिसतो का गं हार घालून?" मला हसू आलं नाही. मी राजवर्धनना बजावून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लेक्स उतरला.

३

त्याच दिवशी फाटकाची कडी वाजली. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर चपला काढल्याचा आवाज आला, मग कुणीतरी आत आलं, मग काहीच नाही. मी हात पुसत बाहेर आले, तर काटेवाडीचे दादासो आणि त्यांची बायको भिंतीला टेकून जमिनीवर बसलेले. दादासोंच्या चार म्हशी यांच्याच हातावर मोठ्या झालेल्या. मी दिसले तसे दोघांनी माना खाली घातल्या.

आमच्याकडे दुखवट्याला जाण्याची एक रीत आहे. येणाऱ्याला कुणी "या" म्हणत नाही. येणारा आपला आपण येतो, जमिनीवर बसतो. चहापाणी नाही. थोडा वेळ खाली बघून बसायचं, मग उठायचं आणि चालू लागायचं. "येतो" असं म्हणायचं नाही, कारण अशा घरी परत यायची वेळ कुणावर येऊ नये. लहानपणापासून हे अंगात इतकं मुरलेलं असतं की कुणाला शिकवावं लागत नाही. त्या दोघांना तसं बसलेलं बघितलं आणि कारण कळायच्या आधीच माझाही पदर दोन्ही खांद्यांवर आला.

मग डोक्यात उजेड पडला. "अहो दादासो," मी म्हटलं, "तो फ्लेक्स पुस्तकाचा होता!"

तेवढ्यात हे न्हाणीघरातून टॉवेल गुंडाळून बाहेर आले. दादासोंची बायको किंचाळली. मग जे हसणं झालं ते शेजारच्यांना ऐकू गेलं असेल. दादासो लाजून लाल झाले.

"डॉक्टर, आयुष्य वाढलं बघा तुमचं!"

"वाढू दे. तुमच्या म्हशी मला सोडणारेत का?"

दोघं चहा पिऊन गेले. जाताना दादासो तीनतीनदा "येतो बरं का" म्हणाले. त्या शब्दानं मला इतकं बरं का वाटावं, ते मला तेव्हा कळलं नाही.

४

फ्लेक्स उतरला, पण माणसं थांबली नाहीत. सुप्याकडून आली, इंदापूरच्या बाजूनं आली. काही यांच्या ओळखीची, काही अजिबात नाही. कडी वाजायची, चपलांचा आवाज, मग शांतता. फ्लेक्स कुठं बघितलात, असं विचारलं तर म्हणायचे, "फ्लेक्स न्हाय बा बघितला. कळालं." कुणी सांगितलं? "कळालं."

अफवा अशीच पसरते. मी स्वतः दोन पुस्तकांत अफवेवर गुन्हे उलगडले आहेत. पण सतरंजीचं कोडं सुटेना. मी सतरंजी घडी करून कपाटात ठेवत होते आणि दर वेळी हॉलमध्ये आले की ती अंथरलेली असायची. मीच अंथरत असणार. माणसं जमिनीवर बसतात तर सवयीनं अंथरली जात असेल.

छबूबाई अशाच एका दुपारी आल्या. म्हाताऱ्या, अंगावर हिरवट विटकं लुगडं. गाव विचारलं तर नुसता इंदापूरकडं हात केला. दाराजवळ बसल्या, थोड्या वेळानं मान वर करून म्हणाल्या, "कसं झालं?"

हाही रीतीतलाच प्रश्न. घरातल्या बाईनं सुरुवातीपासून सांगायचं असतं, त्या दिवशी काय खाल्लं, काय बोलले, कुठं निघाले. येणाऱ्या प्रत्येकाला पुन्हा पहिल्यापासून. सांगून सांगून मन हलकं होतं म्हणतात.

"बाई, कुणी गेलेलं नाही," मी म्हणाले. "मी गोष्टी लिहिते. त्या गोष्टीतला फौजदार गेला."

"व्हय. पर कसं झालं?"

म्हटलं, सांगून टाकू, म्हणजे उलगडा होईल. आणि मी सातव्या पुस्तकाचा शेवट सांगितला. ऊन सांगितलं, ओसरलेलं पाणी सांगितलं, गाळातून वर आलेल्या पायऱ्या सांगितल्या. बूट काढून काठावर कसे जोडीनं ठेवले ते सांगितलं. छबूबाई जिथं हुंदका यायला हवा तिथं बरोबर हुंदका देत होत्या. आजवर एकाही वाचकानं माझं असं ऐकलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला सुख झालं. मी पुस्तकात नसलेल्या दोन गोष्टी त्यात घातल्या.

त्याच वेळी मोटारसायकल थांबली आणि हे आत आले. "अहो आजी, हा बघा मी," ते हसत म्हणाले. "ठणठणीत आहे."

छबूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. न बघितल्यासारखं केलं नाही, नीट बघितलं, व्रणापर्यंत. मग सतरंजीवर थोड्या बाजूला सरकल्या आणि शेजारची जागा हातानं साफ केली. त्यांना बसायला.

हे बसले नाहीत. आत निघून गेले, आणि स्वयंपाकघरात माठातून तांब्याभर पाणी काढून उभ्यानंच प्यायले.

५

त्यानंतर येणारे सगळेच विचारू लागले. मी "कुणी गेलेलं नाही" इथून सुरुवात करायचे आणि कशी कोण जाणे, पायऱ्यांपाशी येऊन थांबायचे. एकदा हे दारात उभे राहून ऐकत होते. माणसं गेल्यावर म्हणाले, "संजू, तू सांगतेस ते फार खरं वाटतं गं. नको सांगत जाऊ." मी चिडले. म्हटलं, मी उलगडा करतेय, तुमच्यासाठीच करतेय. आता आठवलं की वाटतं, तेव्हाच जीभ आवरायला हवी होती.

यांचा फोन वाजेनासा झाला. रोज सकाळी पेटी भरायची आणि बसून राहायचं. शेवटी न बोलावता काटेवाडीला गेले आणि दुपारच्या आधीच परत आले.

"दादासोंकडे गेलो होतो," ते म्हणाले. "गोठ्यात उभे होते. मला बघून टोपी काढली गं त्यांनी. आणि खाली बघत उभे राहिले. या डॉक्टर नाही, बसा नाही. मी थोडा वेळ थांबलो आणि निघालो."

"तुम्ही तरी येतो म्हणालात का?"

ते आठवू लागले. "नाही," म्हणाले. "नाही म्हणालो वाटतं."

दादासोंनी या घरात बसून यांच्याबरोबर चहा घेतला होता. हसले होते. मी तडक फोन लावला. "दादासो, हा काय प्रकार?" पलीकडून म्हशीच्या गळ्यातली साखळी ऐकू आली. मग ते हळू आवाजात म्हणाले, "वैनी, धीर धरा. आमी हाय." फोन बंद.

मग मी शेवटचा उपाय केला. यांना खिडकीजवळ उजेडात उभं केलं आणि मोबाईलवर चित्रण केलं. "मी डॉक्टर रविंद्र, मी जिवंत आहे, कृपया अफवांवर विश्वास ठेवू नका," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, वर त्या दिवशीचं वर्तमानपत्रही धरलं. मी ते ओळखीच्या प्रत्येकाला पाठवलं. उत्तरं लगेच यायला लागली. जोडलेले हात. खाली पुन्हा जोडलेले हात. एकापाठोपाठ एक, आत्तेबहिणींचे, कॉलेजच्या मैत्रिणींचे, दूध डेअरीवाल्यांचे. कुणी न बघताच पाठवत असतील. आमच्याकडे फोटो दिसला की हात जोडायची सवयच आहे, असं मी यांना समजावलं. ते मोबाईलच्या पडद्याकडे बघत होते. "राजवर्धनचेपण आहेत," ते म्हणाले.

मला भीती वाटली. पहिल्यांदा, उघड. हा माणूस माझ्यासमोर उभा होता, त्याच्या अंगाला डेटॉलचा आणि गोठ्याचा वास येत होता, आणि तो माझ्या हातून निसटत होता. मी त्यांचा दंड घट्ट धरला. तो उबदार होता. समारंभ रद्द करा, असं मी राजवर्धनना कळवलं. त्यांचं उत्तर आलं, ते मी वाचलं नाही.

६

सासूबाई पिंपळीला थोरल्या दिरांकडे असतात. अक्काबाई म्हटलं की गावात सगळे वचकून असतात. मी त्यांना आत्या म्हणते. त्या आल्या की सगळं मिटेल, अशी माझी खात्री होती. स्वतःच्या पोरापुढं अफवा किती टिकणार? शनिवारी सकाळी रिक्षातून त्या उतरताना दिसल्या आणि मी धावत गेले. त्या माझ्याशी काही न बोलता आत आल्या आणि भिंतीला टेकून सतरंजीवर बसल्या. आपल्या घरात आलेली बाई, पण पाय धुतले नाहीत, पाणी मागितलं नाही.

हे आतून आले. वाकून त्यांनी आईच्या पायांना हात लावला. अक्काबाईंनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, केसांत बोटं घातली, गालावरून हात उतरवला. माझा जीव भांड्यात पडला.

मग माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "सांग बाई. कसं झालं?"

"आई," हे म्हणाले. "अगं आई, मी आहे ना. हा काय."

"व्हय बाळा," त्या म्हणाल्या. हात अजून त्यांच्या गालावर होता. "बस तू. गप बस. तिला सांगू दे."

"काही झालेलं नाही आत्या!" मी ओरडले. "तुमच्या हाताखाली आहेत ते!"

"असं करू नगं पोरी. आतल्या आत ठिवू नगं. बोललीस म्हंजी सुटंल."

हे आईसमोर गुडघे टेकून होते आणि त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. मी तोंड उघडलं नाही. ओठ दातांनी दाबून धरले. अक्काबाई वाट बघत बसल्या, त्यांना घाई नव्हती. माझ्याच फौजदाराची विद्या माझ्यावर चालली होती, आणि पायऱ्या, ऊन, पाणी सगळं माझ्या घशाशी येऊन थांबलं होतं. मी स्वयंपाकघरात पळाले आणि नळ सोडून त्याच्या आवाजात उभी राहिले.

७

रविवारी, फ्लेक्सवरच्या दशक्रियेच्या दिवशी, सकाळी यांचा फोन वाजला.

दोघंही दचकलो. इंदापूरच्या बाजूचा कुणी बोलत होता. फुगवट्याच्या काठी गाय गाळात रुतली आहे, लवकर या. हे एकदम उजळले. किती दिवसांनी त्यांनी पेटी खांद्याला लावली. "बघ," म्हणाले, "आहे की नाही मी?"

नका जाऊ, असं मला म्हणायचं होतं. पण त्या फोनमध्ये कुणीतरी त्यांना "या" म्हणालं होतं. जगानं त्यांना बोलावलं होतं, आणि मीच अडवलं तर मग कोण बोलावणार? मी त्यांना जाऊ दिलं. मोटारसायकलचा आवाज कालव्याच्या पुलापर्यंत ऐकत राहिले.

माणसं यायला लागली. कडी, चपला, कडी, चपला. हॉल भरला. अक्काबाई मधे, दादासो आणि त्यांची बायको त्यांच्या डाव्या हाताला, राजवर्धन पांढऱ्या सदऱ्यात, छबूबाई दाराजवळ. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होते. मला कुणी काही विचारलं नाही. छबूबाईंच्या शेजारी एका माणसाएवढी जागा रिकामी होती आणि इतकी दाटी असून तिथं कुणी सरकत नव्हतं.

मी मनाशी ठरवलं. हे आले की मोठ्यानं बोलायचं. "आलात? या. हातपाय धुवा." रोजचंच. सगळ्यांच्या देखत, या शांततेच्या चिंधड्या उडतील एवढ्या मोठ्यानं. एक शब्द पुरे होता, आणि तो माझ्याजवळ होता.

मग दारात सावली पडली. मी मोटारसायकल ऐकली नव्हती, कडीही ऐकली नव्हती. हे उंबऱ्यात उभे होते. अनवाणी. पेटी नव्हती. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, आईवर थांबवली, मग माझ्याकडे बघितलं आणि वाट बघत उभे राहिले. तेही वाट बघत होते. त्यांनाही तो शब्द हवा होता, हे मला त्यांच्या डोळ्यांत स्वच्छ दिसलं.

मी जीभ उचलली. आणि हॉलमध्ये माना खाली घालून बसलेली ती सगळी माणसं, मधे बसलेली त्यांची आई, ती सतरंजी, हे सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. अशा घरात "या" म्हणत नाहीत. मी विचार केला नाही. विचार करायला वेळच नव्हता. माझा पदर दोन्ही खांद्यांवर आला आणि मान आपोआप खाली गेली.

क्षणभरच. मी मान वर केली तेव्हा हे रिकाम्या जागेत बसलेले होते. मांडी घालून, हात मांडीवर, खाली बघत. इतर सगळे बसले होते तसेच.

किती वेळ गेला सांगता येत नाही. आधी दादासो उठले, मग त्यांची बायको, मग राजवर्धन, मग कुणीतरी हाताला धरून अक्काबाईंना उठवलं. त्यांच्याबरोबर हेही उठले. सगळे दाराकडे निघाले आणि त्या पाठींच्या गर्दीत यांची पाठ मला एकदा दिसली. "अहो," मी म्हणाले. निदान म्हणाले असं मला वाटतं. बाहेर चपलांचा आवाज झाला, पावलं गल्लीतून लांब गेली, आणि कुणीच, एकानंही, येतो म्हटलं नाही.

मी बाहेर धावले. गल्लीत ऊन होतं. मोटारसायकल नव्हती. यांचा फोन लावला, तो वाजत राहिला, वाजून वाजून बंद झाला. मग परत आत आले, कारण दुसरं कुठं जाऊ?

छबूबाई गेल्या नव्हत्या. दाराजवळ तशाच बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर भिंतीला टेकून खाली बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि घाई न करता विचारलं, "कसं झालं?"

मी ओठ दाबून धरले होते. मग ते सुटले, आणि मी सुरुवातीपासून सांगायला लागले. सकाळी फोन आला, म्हटलं. गाय गाळात रुतली होती, म्हणून घाईनं निघाले.